डावीकडून येणारी पावलं

आजाऱ्यांची उठबस करणाऱ्या बाईला सगळीकडे मावशीच म्हणतात. तिला त्याचं काही वाटेनासं झालं होतं. घरी धाकटी बहीण 'अक्का' म्हणायची, बाकी सगळ्या जगाची ती मावशी. वयानं तिच्याहून मोठी माणसंही मावशी म्हणत, आणि ज्यांना तेवढंही जड जाई ते नुसतं 'अहो' म्हणून भागवत.

पन्नाशी ओलांडल्यापासून तिची कंबर बोलायला लागली होती. माणसाला पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून पलंगावर घेणं हे काम हातांचं वाटतं, पण शेवटी सगळं कमरेवर येतं. म्हणून संस्थेच्या बाईंनी नव्या घराचा पत्ता दिला तेव्हा तिनं आधी विचारलं, "वजन किती आहे?"

"माणूस हलका आहे," संस्थेच्या बाई म्हणाल्या. "तोंड जड आहे. आधीच्या दोघी टिकल्या नाहीत."

"तोंड काही उचलावं लागत नाही," मावशी म्हणाली, आणि दुसऱ्या दिवसापासून जायला लागली.

तो माणूस गोदीत क्रेन चालवायचा. सगळी उमर त्यातच गेली. जमिनीपासून उंच काचेच्या खोपटात बसायचं, दोन दांडे दोन हातांत धरायचे आणि जहाजाच्या पोटातली खोकी उचलून अलगद धक्क्यावर ठेवायची. इमारतीतली मुलं त्यांना क्रेनकाका म्हणत. निवृत्त झाले, पाठोपाठ बायको गेली, आणि हातांना काम उरलं नाही. मुलीनं टीव्हीला जोडायचं खेळाचं यंत्र आणून दिलं. सुरुवातीला त्यांनी नाक मुरडलं. मग त्यांना एक मालिका सापडली. तिचे बरेच भाग होते. करड्या कोटातला एक बारीक माणूस पहाऱ्यातल्या इमारतीत शिरतो, कोणाच्या नजरेला न पडता हवी ती वस्तू उचलतो आणि तसाच बाहेर पडतो, एवढीच गोष्ट. मारामारी करता येते, पण केली की खेळाची चव गेली, असं काकांचं मत होतं. जेवणखाण विसरून ते त्यात रमले. मग एक दिवस न्हाणीघरात पाय घसरला, मान बेसिनच्या कडेवर आपटली, आणि मानेखालचं शरीर त्यांचं असूनही त्यांच्या ताब्यात राहिलं नाही. आवाजही बसला. बोलायचे ते हळू, श्वास पुरवून पुरवून.

पहिले काही आठवडे ते मावशीशी हुकमापुरतेच बोलले. वळवा. पाणी. जास्त गरम आहे. पडदा ओढा. मावशीनं निमूटपणे सगळं केलं. मुलगी नकाशे काढणाऱ्या कचेरीत होती, सकाळी जायची ती दिवेलागणीला परतायची. मधला सगळा दिवस ही दोघंच. समोर मोठा टीव्ही, कायम बंद. त्याच्या खालच्या फळीवर यंत्र, वर धुळीचा थर. मावशीनं एकदा तो पुसला तेव्हा काकांनी डोळे मिटून घेतले.

मुलगी म्हणाली, "मी खेळून दाखवायचा प्रयत्न केला होता, मावशी. पण आमची भांडणंच व्हायला लागली. मी डावीकडे गेले की यांना उजवीकडे हवं असायचं. शेवटी मीच सोडून दिलं."

एका दुपारी, जेवण भरवून झाल्यावर, काका म्हणाले, "बाई, तुमचे हात रिकामे आहेत का?"

"हात कधी रिकामे असतात का, काका? चादरी पडल्यात भिजत."

"चादरी पळून जात नाहीत. तो टीव्ही लावा."

असा तो प्रकार सुरू झाला. मावशीनं आयुष्यात खेळ म्हणून काही खेळलं होतं ते दोरीवरच्या उड्या. ती काकांच्या डाव्या हाताला खुर्ची घेऊन बसली, खेळ चालवायचं ते छोटं, काळं, दोन दांड्यांचं यंत्र मांडीवर घेतलं आणि म्हणाली, "यातलं कुठलं दाबू?"

"काहीच दाबू नका," काका म्हणाले. "आधी बघा."

ही त्यांची पहिली शिकवणी. पहिल्या भागापासून सुरुवात करायची नाही, ही दुसरी. नवीन माणसाला वाटतं की गोष्ट पहिल्यापासून बघावी. पण पहिल्या भागात तो माणूस लाकडाच्या ओंडक्यासारखा वळतो, आणि पकडला गेला की थेट दारापासून पुन्हा. तिथून सुरू करणारे निम्मे लोक यंत्र बंद करतात आणि परत फिरकत नाहीत. दुसऱ्यापासून सुरू करावं, हात बसला की मग वाटल्यास मागे जावं. काकांनी हे श्वास घेत घेत सांगितलं, आणि मावशीनं मान हलवली. तिला पहिला काय आणि दुसरा काय, सारखेच.

पडद्यावर करड्या कोटातला माणूस गुडघे मोडून भिंतीशी बसला होता.

"हा असाच बसतो का?"

"चालतोही तसाच. वाकून. आवाज होत नाही."

"गुडघ्यांची वाट लागेल याच्या," मावशी म्हणाली, आणि त्या दिवसापासून तिनं त्याचं नाव 'उकिडव्या' ठेवलं. काकांना ते आवडलं नाही. त्या माणसाला मालिकेत चांगलं भारदस्त नाव होतं. पण महिनाभरानं तेही म्हणायला लागले, "उकिडव्याला जरा मागे घ्या."

मावशीचे पहिले दिवस बघवत नव्हते. दार दिसलं की ती उघडायची. पलीकडे पहारेकरी उभाच. मग पळायची, आणि फरशीवर पळालं की सगळ्या इमारतीला ऐकू जातं, हे तिला सांगूनही हात ऐकत नसत. दोन दांडे एकदम चालवायचे, एकानं चालायचं आणि एकानं बघायचं, हे काही केल्या जमेना. उकिडव्या भिंतीकडे तोंड करून जागच्या जागी घासत राहायचा आणि मागून पहारेकरी येऊन त्याची कॉलर धरायचा.

"गालिच्यावरून चाला, बाई. गालिचा कशाला दिलाय?"

"शोभेला असेल म्हणून बाजूनं गेले. घाण होईल ना पायांची."

काका हसले नाहीत. ते हसायचे नाहीत फारसे. हसताना त्यांना धाप लागे.

बाटली फेकली की पहारेकरी त्या आवाजाकडे जातो, असं त्यांनी शिकवलं. मावशीनं बाटली स्वतःच्याच पायाशी आपटली. पहारेकरी आला, सरळ तिच्यावर. एकदा तिला एकाच्या डोक्यात दंडुका घालायचं बटण सापडलं, आणि तिनं समोर येईल त्याला झोपवायला सुरुवात केली. काका कळवळले. "झोपवलेला माणूस तिथेच पडून राहतो. दुसरा येतो, त्याला बघतो, घंटा वाजवतो. एकाचे दहा होतात. हात लावायचा नाही कोणाला. आपण येऊन गेलो हे कोणाला कळलंच नाही पाहिजे."

"मग आलो कशाला?"

"पुढे चला," काका म्हणाले.

सगळ्यात मोठा घोटाळा तिनं सेव्ह करताना केला. मध्येमध्ये खेळ सेव्ह करून ठेवायचा, म्हणजे पकडलं तर तिथून पुन्हा सुरू करता येतं, एवढं तिला पटलं होतं. ते इतकं पटलं की ती उठसूट सेव्ह करायला लागली. एका दुपारी पहारेकऱ्यानं बघितलं त्याच क्षणी तिचं बोट त्या बटणावर पडलं. झालं. पुन्हा सुरू केलं की पहारेकऱ्याचा हात कॉलरवर, आणि कितीही वेळा सुरू केलं तरी हात कॉलरवरच. जुनं काही शिल्लक नव्हतं, कारण तिनं प्रत्येक वेळी त्याच जागी वरून लिहिलं होतं. काका पडद्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "वळवा मला. भिंतीकडे."

पूर्ण भाग पहिल्यापासून सुरू करावा लागला. तेव्हापासून निदान दोन जागी सेव्ह करायचं, आणि त्याआधी चारी बाजूंना बघून घ्यायचं, हे ती शिकली.

संध्याकाळी घरी गेल्यावर ती आडवी व्हायची. धाकटी बस आगारात गाड्या धुवायची, तीही दमलेली असे. "दिवसभर खुर्चीत बसून खेळ खेळतेस," धाकटी म्हणायची, "आणि म्हणे दमले."

"बाई गं, गाड्या धुणं बरं. गाडी उलटून बोलत नाही."

"मग सांग त्यांना, जमत नाही म्हणून."

मावशीनं खरं तर दोनदा तसं सांगितलंही होतं. दोन्ही वेळा काका नुसते बंद टीव्हीकडे बघत राहिले होते. तिला त्या काळ्या काचेत ती दोघं दिसायची, खुर्चीतला माणूस आणि शेजारी बसलेली बाई, आणि दुपार पुढे सरकायची नाही. त्यापेक्षा बोलणी खाल्लेली बरी, असं म्हणून तिनं पुन्हा टीव्ही लावला होता.

हळूहळू तिचा हात बसला. दिवे विझवून अंधारात थांबायला तिला आवडायला लागलं. पहारेकऱ्याची एक पूर्ण फेरी बघून घ्यायची, तो कुठे वळतो, कुठे रेंगाळतो हे ध्यानात ठेवायचं आणि मग निघायचं. वाट बघण्यात तिचा हात कोणी धरला नसता. तोच धंदा होता तिचा. पण एक गोष्ट काही केल्या सुधारेना. पाठीमागून किंवा बाजूनं पहारेकरी यायला लागला की त्याच्या बुटांचा आवाज आधी ऐकू येतो. काका म्हणायचे, "ऐका, आला." आणि मावशी हमखास चुकीच्या बाजूला बघायची. आवाज डावीकडून आला तर ती उजवीकडे वळायची. उजवीकडून आला तरी उजवीकडेच. पुन्हा पकडली जायची, पुन्हा, पुन्हा.

"लक्ष कुठे असतं तुमचं?" काका चिडायचे. "आंधळ्यालाही कळेल कुठून येतोय ते. एका कानानं ऐकता आणि दुसऱ्यानं सोडून देता."

मावशी पुन्हा बटण दाबून खेळ सुरू करायची. ती सोय तिला नव्हती. तिचा डावा कान लहानपणीच गेला होता. वाहायचा, दुखायचा, मग एका हिवाळ्यात दुखायचा थांबला आणि त्याबरोबर ऐकायचाही. आवाज तिला उजव्या कानानं चांगला ऐकू यायचा, पण तो कुठून आला हे कळत नसे. त्यासाठी दोन कान लागतात. रस्त्यात कोणी हाक मारली की ती कोंबडीसारखी सगळीकडे मान फिरवायची. धाकटीशिवाय हे कोणाला माहीत नव्हतं. संस्थेच्या कागदावर तिनं 'तब्येत उत्तम' लिहिलं होतं. रुग्णानं हाक मारली तर ऐकू येणार नाही अशी बाई कोण ठेवेल? म्हणून कुठल्याही घरात गेलं की ती आधी आपली जागा हेरायची. रुग्णाच्या डाव्या हाताला खुर्ची, म्हणजे आपला उजवा कान त्याच्याकडे. झोपायची वेळ आली तर डाव्या कुशीवरच. कोणी पाठीमागून काही विचारलं आणि कळलं नाही तर हातातलं भांडं जोरात ठेवायचं, म्हणजे समोरचा आपणच पुन्हा विचारतो. इतक्या वर्षांत हे तिच्या अंगवळणी पडलं होतं. लोक तिला जरा तुसडी समजायचे, तेवढंच.

उकिडव्यानं मात्र तिला कोंडीत पकडलं. घरात जागा बदलता येते, टीव्हीतल्या इमारतीत कुठे बसणार?

ती दुपार अशीच होती. काकांना खुर्चीत बसवून मावशी स्वयंपाकघरात सूप गाळत होती. नळ सोडलेला, तोही उजव्या बाजूला. बाहेर खुर्चीत काकांच्या कमरेमागची उशी सरकली आणि ते एका अंगावर कलंडले. पट्टा होता म्हणून पडले नाहीत. पण मान कलली, गाल खुर्चीच्या दांडीवर दाबला गेला आणि श्वास अडकायला लागला. त्यांनी हाक मारली. मग पुन्हा पुन्हा मारली. आवाज मुळातच बसलेला, त्यात छाती दबलेली. मावशी सूप गाळून, भांडं धुऊन, हात पुसून बाहेर आली तेव्हा काकांचा चेहरा काळवंडला होता आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं.

ती धावली. तिनं त्यांना सावरलं, सरळ केलं, छातीवरून हात फिरवला, तोंड पुसलं. गालावर दांडीचा वळ उठला होता, तो हळूहळू ओसरला. सूप गार झालं.

"मुलीला सांगू नका," शेवटी काका म्हणाले. "घाबरेल."

मावशी त्या संध्याकाळी बसथांब्यावर उभी राहिली आणि समोरून तिची बस निघून गेली तरी तिला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी काकांनी नेहमीसारखा टीव्ही लावायला सांगितला. उकिडव्या एका लांब, फरशीच्या वाटेवर उभा होता. बुटांचा आवाज यायला लागला. मावशी उजवीकडे वळली.

"थांबवा तो," काका म्हणाले. खेळ थांबला. "बाई, तुमचा डावा कान गेलाय ना?"

मावशीनं पडद्यावरची नजर हलवली नाही.

"गोदीत निम्मी माणसं बहिरी असायची," काका पुढे बोलले. "यंत्रांच्या आवाजानं. एका कानाची माणसं मला वरून ओळखू यायची. भोंगा वाजला की ती आधी मान फिरवायची, मग पाय उचलायची. तुम्ही रोज तेच करता. मला आधीच कळायला हवं होतं. मी आपला ओरडत बसलो."

"लहानपणापासून आहे," मावशी म्हणाली.

"काल मी चार हाका मारल्या."

"मला एकही आली नाही, काका."

"माहीत आहे." त्यांनी श्वास घेतला. "तुमच्यावर राग नाही माझा. पण मी हात हलवून काही वाजवू शकत नाही. माझ्याकडे आवाजच आहे, तोही एवढासा. मला भीती वाटते."

हे त्यांनी अगदी साधेपणानं सांगितलं. ओरडले असते तर मावशीला सोपं गेलं असतं.

"तुम्ही सांगणार का ताईंना?"

"मी नाही सांगणार. तुम्ही सांगायचं."

मावशीनं यंत्र मांडीवरून खाली ठेवलं. तिला रडू वगैरे आलं नाही. नुसता शीण आला. इतकी वर्षं प्रत्येक घरात खुर्ची कुठे ठेवायची, कुठल्या कुशीवर झोपायचं, कोणाच्या कुठल्या बाजूनं चालायचं, याचा हिशेब डोक्यात सतत चालू होता. तो चालू आहे हेही ती विसरली होती. आता तो थांबला तर बरं, असं तिला वाटलं.

संध्याकाळी मुलगी आली. दारातच एका पायातला बूट काढत होती तेव्हा मावशीनं सांगून टाकलं. कानाचं सांगितलं, कालचंही सांगितलं, गालावरच्या वळासकट. मुलगी एक बूट हातात घेऊन तशीच ओणवी राहिली.

"तुम्ही संस्थेला हे सांगितलं नव्हतं?"

"नाही."

"मी दिवसभर तिकडे बसते ना मावशी, ते या भरवशावर की इथे कोणीतरी ऐकतंय."

"हो."

"हो काय? काही झालं असतं म्हणजे?"

मुलगी बूट ठेवून आत गेली. आतून बाप-लेकीचं हळू आवाजातलं बोलणं सुरू झालं. मावशीला शब्द कळले नाहीत. तिनं पिशवी उचलली आणि दार ओढून घेतलं.

संस्थेलाही तिनं स्वतःच जाऊन सांगितलं. संस्थेच्या बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"इतकी वर्षं लपवलंत?"

"इतकी वर्षं काही झालं नाही, बाई."

"झालं नाही हे नशीब. तुम्हाला काढत नाही मी. काम चोख आहे तुमचं, सगळे सांगतात. पण जिथे रुग्ण एकटा असतो तिथे आता पाठवता येणार नाही. घरात दुसरं माणूस हवं."

काकांचं घर त्यात बसत नव्हतं. तिकडे एक निवृत्त वॉर्डबॉय गेला. धिप्पाड माणूस, काकांना उशीसारखं उचलायचा. मावशीला एका आजीबाईंकडे पाठवलं. त्या दिवसभर झोपायच्या आणि त्यांची सून दिवसभर मावशीवर नजर ठेवायची. डबा कुठे ठेवला, पंखा किती वेळ चालला, चहात साखर किती घातली. काम हलकं होतं, पण दुपार कशी संपवायची हे मावशीला कळेना. आजीबाईंच्या उशाशी बसून ती समोरच्या दाराकडे बघायची. सून पाणी प्यायला उठली की तिची पावलं ऐकून 'आता कुठून आली' असं मनात यायचं, आणि तिला स्वतःचीच चीड यायची.

"तो बुढ्ढा तुला ओरडायचा," धाकटी म्हणाली, "आणि तुला त्याचीच आठवण."

"त्याची नाही गं. अर्धवट राहिलं सगळं."

"काय अर्धवट राहिलं?"

मावशीनं सांगायचा प्रयत्न केला. एक कचेरी होती, तिचा वरचा मजला, तिथल्या कपाटातून काहीतरी काढायचं होतं. बोलता बोलता तिला ते फारच पोरकट वाटलं. तिनं विषय सोडून दिला आणि कमरेला मलम लावायला पाठ फिरवली.

मुलीचा फोन आला तो पावसाळा सरता सरता. आवाज थकलेला होता.

"मावशी, तो माणूस झोपतो हो दुपारी. चांगला घोरतो. मी एकदा लवकर घरी आले तेव्हा बघितलं. बाबा जागे, आणि हा शेजारी ढाराढूर. त्याचे दोन्ही कान शाबूत आहेत म्हणे."

मावशीनं फोन उजव्या कानाला घट्ट धरला.

"मला कचेरीनं आठवड्यातले दोन दिवस घरून काम करायची परवानगी दिली आहे. त्या दोन दिवसांत मी घरात असते. तुमच्या संस्थेला ते चालेल असं तिथल्या बाई म्हणाल्या. याल का?"

"आणि बाकीचे दिवस?"

"बाकीचे दिवस तोच. काय करू? दुसरं कोणी मिळत नाही. मी त्याला सांगितलंय, झोपलास तर घरी जा. बघू." मग जरा थांबून ती म्हणाली, "त्यानं खेळायला घेतलं होतं ते. बाबांनी बंद करायला लावलं. सगळ्यांना ठोकत सुटला होता."

मावशीनं आजीबाईंच्या सुनेला दोन दिवस दुसरी बाई बघायला सांगितलं. सुनेनं तोंड वाकडं केलं, आणि मावशीनं ते न बघितल्यासारखं केलं.

पहिल्या दिवशी ती गेली तेव्हा काका तिच्याकडे बघून म्हणाले, "बारीक झालात."

"तुम्हीही झालात."

तेवढंच. तिनं त्यांचं अंग पुसलं, पाठ बघितली. माकडहाडाशी कातडी लाल झाली होती. वॉर्डबॉय वेळेवर वळवत नसावा. तिनं मुलीला बोलावून ते दाखवलं, तेल लावलं, उशा नीट रचल्या. हे सगळं होईस्तोवर दुपार झाली. मुलगी शेजारच्या खोलीत दार उघडं ठेवून नकाशावर वाकून बसली होती.

काका म्हणाले, "लावायचा का?"

आता त्यांची पद्धत बदलली होती. ते डोळे मिटून घ्यायचे आणि नुसतं ऐकायचे. "डावी," ते म्हणायचे. "डावी, लांब. थांबला. आता वळतोय." मावशी बघायची आणि हात चालवायची. पहिल्या दिवशी गोंधळ झाला, कारण डावी म्हणजे काकांची डावी की उकिडव्याची, यावर दोघांचं एकमत होईना. उकिडव्यानं तोंड फिरवलं की डावीची उजवी व्हायची. त्यावरून चांगलीच खडाजंगी झाली, शेजारच्या खोलीतून मुलगी म्हणाली, "हळू बोला, मला आकडे चुकतात." मग काकांनी खिडकी आणि दार असं ठरवलं. खोलीच्या एका अंगाला खिडकी होती, एका अंगाला दार. "खिडकीकडून," ते म्हणायचे, आणि मावशीला कळायचं.

तसं काही फार जमायला लागलं असं नाही. आठवड्यातल्या दोन दुपारी त्या किती? मधल्या दिवसांत तिचे हात पुन्हा विसरायचे. काकांना धाप लागली की खेळ थांबायचा. कधी कधी ते ऐकता ऐकता झोपून जायचे, आणि पहारेकरी येऊन उकिडव्याची कॉलर धरायचा, तेव्हा मावशी त्यांना न उठवता पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. एकदा मुलगी चहा घेऊन आली आणि उभ्या उभ्या बघत राहिली. "तुम्ही अजून त्याच जिन्यावर?" ती म्हणाली. ती तशीच भिंतीला टेकून खूप वेळ उभी राहिली, चहा पिऊन झाला तरी.

हिवाळा लागला तेव्हा ते दुसऱ्या भागातून तिसऱ्यात आले होते. त्यातही ते बरेच पुढे गेले. एका दुपारी उकिडव्या एका मोठ्या दालनाच्या दाराशी पोचला. उंच छत, टांगलेले दिवे, खाली नुसती फरशी, गालिचा कुठेच नाही. काका डोळे उघडून बघत राहिले.

"आता काय करू?" मावशीनं विचारलं.

"इथपर्यंत मी आलो होतो," काका म्हणाले. "पडलो त्याच्या आदल्या दिवशी. पुढे काय आहे ते मला माहीत नाही."

"मग आता सांगणार कोण?"

"कोणी नाही. बघत बसायचं."

ती दोघं बघत बसली. दालनात तीन पहारेकरी होते, आणि एक बाई जी कुठेच थांबत नव्हती. मावशीनं मनात एकेकाची फेरी धरायचा प्रयत्न केला. काकांनी डोळे मिटले, पुन्हा उघडले. "यांचे बूट सारखेच वाजतात," ते म्हणाले. "मला वेगळे करता येत नाहीत."

"त्या बाईचे नाही वाजत," मावशी म्हणाली. "तिच्यावर डोळा ठेवायला लागेल."

तिनं उकिडव्याला दाराच्या सावलीतून बाहेर काढलं. तो चार पावलं गेला नाही तोच कोणीतरी ओरडलं आणि सगळे दिवे एकदम मोठे झाले. ते नवीनच होतं. दिवे मोठे होतात हे काकांनाही ठाऊक नव्हतं.

"पुन्हा," काका म्हणाले.

"परवा. आता माझी कंबर गेली, आणि तुम्हाला वळवायची वेळ झाली."

तिनं टीव्ही बंद केला, खुर्ची पलंगाला लावली, चाकं अडकवली आणि त्यांच्या काखेतून हात घातले. शेजारच्या खोलीतून मुलगी मदतीला आली. दोघींनी मिळून त्यांना पलंगावर घेतलं आणि खिडकीकडे तोंड करून कुशीवर वळवलं.